दुसऱ्याच्या नावाने विकलेला डीव्हीडी रायटर: फर्मवेअर कुणाचं टाकायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. यूएसबीने जोडायचा डीव्हीडी रायटर आहे, डब्यावर एका कंपनीचं नाव, उघडून बघितला तर आतला ड्राइव्ह भलत्याच कंपनीचा निघाला. ज्यांनी विकला त्यांचं फर्मवेअर (ड्राइव्ह चालवणारा, त्याच्या आतच साठवलेला प्रोग्रॅम) कित्येक वर्षं तेच आहे, मूळ बनवणाऱ्याचं दोन-तीन पायऱ्या पुढे गेलंय आणि शिवाय हौशी लोकांनी बदल करून ठेवलेलं एक तिसरं मिळतंय. घरच्या व्हिडिओच्या डिस्क बर्न करायच्यात, त्यातल्या काही टीव्हीखालच्या प्लेअरवर मध्येच अडकतात, तर या तिघांपैकी कुठलं टाकू.

मी बरीच वर्षं डिस्कवर डेटा जपून ठेवण्याचं काम करतोय, त्यासाठी निरनिराळे रायटर वापरले, कित्येकांना फर्मवेअर मारलं. त्यावरून सांगतो की हा प्रश्न व्हर्जनच्या आकड्यापासून सुरू केला की माणूस भरकटतो. सुरुवात कोऱ्या डिस्कपासून करायची. डिस्क अडकण्याची कारणं चार-पाच असतात: डिस्कच हलक्या प्रतीची असेल, वेग चुकीचा निवडला असेल, प्लेअरला प्लस आर डिस्क ओळखता येत नसेल (कोऱ्या डीव्हीडीचे प्लस आर आणि मायनस आर असे दोन प्रकार असतात), प्लेअरचीच लेन्स थकली असेल किंवा रायटरच्या फर्मवेअरला तुमची डिस्क नीट माहीत नसेल. फर्मवेअर बदलून यातलं शेवटचं दुखणं जातं आणि तिसऱ्यात थोडी मदत होते, बाकीच्यांना त्याचा काही उपयोग नाही. त्यामुळे आधी दुखणं कुठलं आहे ते ठरवा.

फर्मवेअरमध्ये असतं काय ते समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. प्रत्येक कोऱ्या डिस्कवर कारखान्यातच एक कोड कोरलेला असतो, मीडिया कोड म्हणतात त्याला. प्लस आर डिस्कमध्ये तो खाचेच्या नागमोडी वळणात असतो, मायनस आरमध्ये खाचांच्या मधल्या बारीक खुणांमध्ये. व्हर्बॅटिमच्या १६एक्स (म्हणजे मूळ वेगाच्या १६ पट वेगाने लिहायच्या) प्लस आरवर बऱ्याचदा एमसीसी ००४ दिसतो, तायो युडेनच्या १६एक्स प्लस आरवर युडेन००० टी०३ असायचा. रायटर डिस्क आत घेतल्यावर हा कोड वाचतो आणि आपल्या फर्मवेअरमधल्या तक्त्यात शोधतो. तक्त्यात त्या कोडसमोर लिहिलेलं असतं की ही डिस्क कुठल्या कुठल्या वेगाने लिहायची, लेझरची पॉवर साधारण किती ठेवायची, पल्स कधी चालू आणि कधी बंद करायचा. याला राइट स्ट्रॅटेजी म्हणतात आणि ती दर वेगासाठी वेगळी असते. डीव्हीडीवरची सगळ्यात छोटी खूण ०.४ मायक्रॉनची असते आणि १६एक्सला डिस्क मिनिटाला साधारण १०,००० फेरे घेत असते, म्हणजे पल्स अगदी किंचित लांबला तरी खूण वेडीवाकडी होते आणि मग वाचणाऱ्याला चुका दुरुस्त करत बसावं लागतं.

कोड तक्त्यात नसेल तर रायटर सर्वसाधारण स्ट्रॅटेजी वापरतो, बहुतेक वेळा वेगही कमी करतो. लिहिण्याआधी डिस्कच्या राखीव जागेत थोडं लिहून बघून पॉवर जुळवून घेण्याची सोय सगळ्याच रायटरमध्ये असते, पण ती झाली पॉवरची, पल्सचा आकार तिने सुधारत नाही. म्हणून असं होतं की रायटर चांगला, डिस्क चांगली, तरी दोघांचं जमत नाही, कारण डिस्क बाजारात आली नंतर आणि फर्मवेअर आधीचं. अशा वेळी मूळ कंपनीचं नवं फर्मवेअर खरोखर फरक पाडतं, ज्या डिस्कवर चुकांचा डोंगर दिसत होता तीच डिस्क त्याच ड्राइव्हवर व्यवस्थित उतरते. आणि म्हणूनच विकणाऱ्या कंपनीने अपडेट बंद केले की त्या रायटरचं नुकसान होतं, ड्राइव्ह तोच असतो पण त्याची डिस्कची ओळख जुन्या काळात अडकलेली राहते.

आता नाव बदलून विकलेल्या ड्राइव्हबद्दल. कॉम्प्युटर ड्राइव्हला विचारतो की तू कोण, तेव्हा ड्राइव्ह तीन गोष्टी सांगतो: ८ अक्षरांत बनवणाऱ्याचं नाव, १६ अक्षरांत मॉडेल, ४ अक्षरांत फर्मवेअरचं व्हर्जन. काही रीब्रँडमध्ये एवढीच अक्षरं बदललेली असतात, बाकी सगळं मूळ ड्राइव्हचंच. काहींमध्ये मात्र विकणाऱ्याने वेग कमी करून घेतलेला असतो, एखादी सोय बंद करायला लावलेली असते, क्वचित स्वस्तात पडावं म्हणून एखादा भागही वेगळा असतो. पहिल्या दोन प्रकारात मूळ फर्मवेअर टाकलं तर फायदाच होतो, तिसऱ्यात ड्राइव्ह जाऊ शकतो, आणि डब्याकडे बघून हे तिन्ही प्रकार सारखेच दिसतात.

दोन जुनी उदाहरणं देतो, दोन्ही त्या काळी या कामात असलेल्यांना चांगली ठाऊक होती. २००५ च्या सुमाराचा प्लेक्स्टर पीएक्स-७४०ए हा आतून बेनक्यू डीडब्ल्यू१६४० होता. त्यावर लोक बेनक्यूचं फर्मवेअर मारायचे, कारण अनोळखी डिस्कवर स्वतः शिकून घेण्याची सोय, बुक टाइप (डिस्कवर नोंदलेला तिचा प्रकार, त्याबद्दल पुढे सांगतो) बदलणं वगैरे बेनक्यूच्या क्यूसूट प्रोग्रॅममधून हाताळता यायचं. दुसरं एनईसीचं: एनडी-२५००ए सिंगल लेयरवाला, म्हणजे डिस्कच्या एकाच थरावर लिहिणारा म्हणून विकला गेला आणि नंतरच्या एनडी-२५१०ए चं फर्मवेअर टाकल्यावर तो डबल लेयर लिहायला लागला. हे वाचून वाटतं की फर्मवेअर बदललं की काहीही मिळतं, पण तसं नाहीये. लाइटस्क्राइब घ्या, डिस्कवर लेझरने चित्र काढायची सोय. तिला डिस्कच्या मधल्या भागावरच्या खुणा वाचणारा वेगळा सेन्सर लागतो, तो सेन्सर तुमच्या ड्राइव्हमध्ये बसवलाच नसेल तर लाइटस्क्राइबवाल्या मॉडेलचं फर्मवेअर टाकून चित्र निघणार नाही, उलट नसलेला सेन्सर शोधत बसणारा ड्राइव्ह हातात राहील.

म्हणून पहिलं काम ओळख पटवायची. ड्राइव्ह स्वतः जे नाव सांगतो ते बघा, इमगबर्न या डिस्क लिहायच्या प्रोग्रॅममध्ये वरच दिसतं. एचएल-डीटी-एसटी असेल तर हिताची-एलजी, टीएसएसटीकॉर्प म्हणजे तोशिबा-सॅमसंग, मात्शिता म्हणजे पॅनासोनिक, पीएलडीएस म्हणजे फिलिप्स आणि लाइट-ऑन यांची एकत्र कंपनी. नुसत्या नावावरही विसंबू नका, कारण या धंद्यात कंपन्या बऱ्याच एकमेकांत मिसळल्या, बेनक्यूचा ड्राइव्हचा धंदा २००६ मध्ये लाइट-ऑनकडे गेला, त्याच वर्षी सोनी आणि एनईसीने मिळून ऑप्टिआर्क काढली, आणि ऑप्टिआर्क नावाचे पुढचे काही ड्राइव्ह तर दुसऱ्यांनीच बनवलेले होते. मग ड्राइव्ह खोक्यातून बाहेर काढा आणि वरचं लेबल नीट वाचा: मॉडेल, हार्डवेअरची आवृत्ती, बनवल्याचा महिना-वर्ष. एकाच मॉडेलच्या दोन हार्डवेअर आवृत्त्या असतात आणि एकीचं फर्मवेअर दुसरीला चालतंच असं नाही. ब्लू-रेमध्ये हे सरळ दिसतं, एलजीच्या डब्ल्यूएच१६एनएस४० च्या लेबलवर एसव्हीसी कोड म्हणून वेगळा छापलेला असतो, मॉडेल तेच पण कोड वेगळा असेल तर आतला ड्राइव्हही वेगळा धरायचा. लेबलवरची हार्डवेअर आवृत्ती आणि त्याच आवृत्तीवर दुसऱ्या कुणीतरी ते फर्मवेअर चालवल्याची खात्री, हे दोन्ही जुळल्याशिवाय मी दुसऱ्या कंपनीचं फर्मवेअर टाकत नाही.

तुमचा ड्राइव्ह स्लिम आहे का मोठा ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि आयडीई या जुन्या पद्धतीच्या जोडणीचा स्लिम असेल तर त्याने मोठा फरक पडतो. मोठ्या आयडीई ड्राइव्हला मागे जंपर असतो, मास्टर-स्लेव्ह (एकाच केबलवरच्या दोन ड्राइव्हपैकी पहिला का दुसरा) हाताने ठरवता येतं. स्लिमला जंपर नसतो, तो मास्टर आहे का स्लेव्ह का केबलवरून ठरवणारा हे फर्मवेअरमध्येच लिहिलेलं असतं. माझ्याकडे असाच एक लॅपटॉपचा ड्राइव्ह दुरुस्तीला आला होता, त्यात मूळ कंपनीचं फर्मवेअर अगदी बिनचूक गेलं होतं, पण ते मास्टरवालं होतं आणि त्या लॅपटॉपला स्लेव्ह हवा होता, त्यामुळे लॅपटॉपला ड्राइव्ह दिसेचना. दुसऱ्या मशीनला अडॅप्टरने जोडला तर व्यवस्थित चालू, मग तिथूनच स्लेव्हवालं फर्मवेअर टाकलं. साटा या नंतरच्या जोडणीवाल्या स्लिममध्ये ही भानगड नाही.

आता तुमचे तीन पर्याय. विकणाऱ्याचं फर्मवेअर सगळ्यात सुरक्षित, त्या हार्डवेअरवर ते चालतं यात शंका नाही, वॉरंटी असेल तर तीही राहते. त्यांच्याकडे तुमच्या ड्राइव्हवर आहे त्यापेक्षा नवं असेल तर आधी तेच टाका आणि बघा दुखणं जातंय का. मूळ कंपनीचं फर्मवेअर तेव्हा घ्या जेव्हा ओळख पक्की पटलीय आणि तुमचा मीडिया कोड जुन्या फर्मवेअरला माहीत नाही असं दिसतंय. हे ओळखायची खूण सोपी आहे, १६एक्सच्या डिस्कला ड्राइव्ह ४एक्स किंवा ६एक्सच्या वर वेगच देत नाही. अपडेटसोबतच्या टिपणात सहसा नुसतं 'लिहिण्याचा दर्जा सुधारला' एवढंच लिहितात, कोणत्या डिस्कवर ते सांगत नाहीत, त्यामुळे नवं म्हणजे तुमच्या डिस्कसाठी चांगलंच असेल असं धरून चालू नका. नव्या डिस्क तक्त्यात घेताना एखाद्या जुन्या डिस्कची स्ट्रॅटेजी बदलते आणि तिचा निकाल आधीपेक्षा वाईट येतो, हे मी वेगवेगळ्या ड्राइव्हवर बघितलंय.

बदल केलेलं तिसरं फर्मवेअर करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, कंपन्यांनी सोडून दिलेले ड्राइव्ह या लोकांनी वर्षानुवर्षं जिवंत ठेवले. पण त्यात नेमकं काय बदललंय ते वाचून घ्या. बुक टाइप बदलायची सोय घातली असेल किंवा डीव्हीडी वाचताना लावलेली वेगाची मर्यादा काढली असेल तर लिहिण्याच्या दर्जाशी त्याचा संबंध नाही. ८एक्सची डिस्क १२एक्सला लिहिता यावी म्हणून तक्त्यात फेरफार केला असेल तर मात्र तुमच्यासारख्या जपून ठेवायच्या कामाला ते वापरू नका, तिथे एका डिस्कला दुसऱ्या डिस्कची स्ट्रॅटेजी जोडलेली असते, ती जमली तर जमली. रीजनची, म्हणजे जगाच्या कुठल्या भागातल्या विकतच्या डीव्हीडी चालायच्या याची मर्यादा काढलेलीही असतात. नेहमीच्या ड्राइव्हला रीजन पाच वेळाच बदलता येतो आणि तो आकडा ड्राइव्हमध्येच राहतो, विंडोज नव्याने टाकून तो शून्यावर येत नाही. पण घरचे व्हिडिओ बर्न करायला रीजनचा काही संबंधच येत नाही, तेव्हा तो मुद्दा तुम्ही सोडून द्या.

काहीही टाकण्याआधी ड्राइव्हमधलं आत्ताचं फर्मवेअर फाइलमध्ये उतरवून घ्या. एनईसी आणि ऑप्टिआर्कसाठी बिनफ्लॅश हा प्रोग्रॅम हे काम करतो, इतर कंपन्यांच्या बऱ्याच ड्राइव्हसाठी त्यांची त्यांची अशी साधनं आहेत. विकणाऱ्याचं फर्मवेअर कित्येकदा कुठेच डाउनलोडला नसतं, तुमच्या ड्राइव्हमध्ये आहे तीच एकमेव प्रत, ती गेली की परतीची वाट बंद. जुन्या लाइट-ऑनमध्ये याशिवाय ईईप्रॉम नावाच्या छोट्या मेमरीचीही कॉपी घ्यायची, तिच्यात तुमच्याच ड्राइव्हच्या लेझरची कारखान्यात बसवलेली मापं असतात, ती दुसऱ्या ड्राइव्हची टाकून चालत नाहीत. लाइट-ऑनचं आणखी एक, हा ड्राइव्ह प्रत्येक डिस्कबद्दल शिकत जातो आणि ते ईईप्रॉममध्ये साठवतो, नवं फर्मवेअर टाकल्यावर जुनं शिकलेलं तसंच राहिलं तर निकाल विचित्र येतात, म्हणून त्याच साधनातून ते पुसून टाका. आणि काही नव्या ब्लू-रे ड्राइव्हमध्ये पुढचं व्हर्जन एकदा गेलं की मागचं घेतच नाहीत, तिथे तर दुप्पट विचार करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मोजणं. फर्मवेअर टाकण्याआधी तुमच्या नेहमीच्या डिस्कपैकी एक बर्न करा, त्याच गठ्ठ्यातली दुसरी नंतर बर्न करा, दोन्हीवर तोच डेटा, तोच वेग. मग दोन्ही स्कॅन करा, म्हणजे वाचताना किती चुका येतात ते मोजा, नीरो सीडी-डीव्हीडी स्पीड, ऑप्टी ड्राइव्ह कंट्रोल, लिनक्सवर क्यूपीएक्सटूल, जे तुमच्या ड्राइव्हला चालतं ते. पीआय एरर म्हणजे वाचताना आलेल्या कच्च्या चुका, सलग ८ ब्लॉकमध्ये (चुका दुरुस्त करण्यासाठी डेटाचे पाडलेले तुकडे) २८० च्या आत हव्यात. पीआय फेल्युअर म्हणजे पहिल्या फेरीत दुरुस्त न झालेल्या चुका, त्या एका ब्लॉकमध्ये ४ च्या वर जाऊ नयेत. मी सरासरीपेक्षा डिस्कच्या बाहेरच्या कडेकडे बघतो, तिथे आलेख एकदम उसळला असेल तर डिस्क त्या वेगाला झेपत नाहीये आणि प्लेअरवर सिनेमाच्या शेवटाकडेच अडकणार. तुमची डिस्क कुठे अडकते, सुरुवातीला का शेवटाला, ते नक्की बघा, या एका गोष्टीने खूप काही कळतं.

इथे एक बारीक गोष्ट बरेच जण विसरतात. त्याच ड्राइव्हने बर्न केलं, त्यातच फर्मवेअर बदललं आणि त्यातच स्कॅन केलं तर मोजणारं यंत्रच बदललंय, कारण वाचण्याची पद्धतही फर्मवेअरमध्येच असते. आकडे सुधारले ते लिहिणं सुधारलं म्हणून का वाचणं सुधारलं म्हणून, हे सांगता येणार नाही. शक्य असेल तर दोन्ही डिस्क दुसऱ्या, हात न लावलेल्या ड्राइव्हवर स्कॅन करा. स्कॅन करणारा दुसरा ड्राइव्ह नसेल तर निदान पूर्ण वेगाने वाचून वेगाचा आलेख बघा, रेघ एकसारखी चढत गेली तर ठीक, मध्ये खड्डे पडले तर तिथे ड्राइव्ह थांबून पुन्हा पुन्हा वाचतोय.

बुक टाइपचं वर म्हटलं ते असं की काही जुने प्लेअर प्लस आर डिस्कवरचा प्रकार वाचून ती नाकारतात किंवा चुकीच्या पद्धतीने वाचायला बघतात. रायटरला प्लस आर डिस्कवर लिहिताना हा प्रकार डीव्हीडी-रॉम असा नोंदवता येतो, मग प्लेअर ती विकतच्या सिनेमाच्या डिस्कसारखी धरतो. हे मायनस आरवर होत नाही, तिथे तो प्रकार आधीच ठरलेला असतो. तुमच्या आत्ताच्या फर्मवेअरमध्ये ही सोय असेलही, इमगबर्नमध्ये बुक टाइपचं बटण दाबून बघा. पण याचा उपयोग प्लेअर डिस्क घेतच नसेल तेव्हा जास्त, मध्येच अडकत असेल तर कारण बहुतेक दुसरं असतं.

प्रत्यक्ष टाकायचं काम छोटं आहे. ट्रेमध्ये डिस्क नको, ड्राइव्ह यूएसबीच्या खोक्यातून काढून थेट मदरबोर्डला जोडा कारण खोक्यातली मधली चिप काही वेळा फ्लॅशच्या (फर्मवेअर टाकायच्या) कमांड पुढे जाऊ देत नाही, बाकीचे प्रोग्रॅम बंद, वीज जाणार नाही याची सोय, आणि झाल्यावर मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू. मध्येच फसलं तरी लगेच हाय खाऊ नका, बऱ्याच ड्राइव्हमध्ये मूळचा छोटा कोड शिल्लक राहतो आणि त्या अवस्थेतून फर्मवेअर पुन्हा घालता येतं.

तुमच्या जागी मी असतो तर आज फर्मवेअरला हातच लावला नसता. आधी इमगबर्नमध्ये कोरी डिस्क घालून मीडिया कोड आणि ड्राइव्ह देत असलेले वेग बघितले असते, मग त्याच गठ्ठ्यातल्या डिस्क ८एक्स आणि १२एक्सला लिहून कुठली प्लेअरवर चालते ते बघितलं असतं. अगदी हळू म्हणजे चांगलं असं नसतं, १६एक्सच्या डिस्कची ४एक्सची स्ट्रॅटेजी कित्येकदा कुणी नीट बसवलेलीच नसते. डिस्कच्या पाकिटावर नाव तेच असलं तरी आतल्या डिस्क वेगळ्या कारखान्याच्या असू शकतात, आणि नामांकित डिस्कचा कोड चोरून छापलेल्या डिस्कही येतात, तेव्हा एक गठ्ठा दुसऱ्या मीडिया कोडचा आणून तुलना करा. दुसऱ्या गठ्ठ्याच्या डिस्क नीट चालल्या तर दोष पहिल्या डिस्कचा, सगळे गठ्ठे सारखेच अडकले तर प्लेअर दुसऱ्या कुणाकडे नेऊन बघा. चांगल्या डिस्क दोन-तीन प्लेअरवर अडकतायत आणि ड्राइव्ह त्यांना पूर्ण वेगही देत नाहीये, असं दिसलं तर मूळ कंपनीचं फर्मवेअर, वर सांगितलेल्या खात्र्या करून.

लेबलवरचं मॉडेल, हार्डवेअर आवृत्ती आणि बनवल्याचा महिना, ड्राइव्ह स्वतः सांगतो ती तिन्ही नावं, आणि तुमच्या दोन गठ्ठ्यांचे मीडिया कोड, एवढं लिहा. ड्राइव्ह स्लिम आयडीई असेल तर सध्या तो मास्टर दिसतो का स्लेव्ह तेही लिहा, मग कुठली फाइल ते नेमकं सांगता येईल.